स्लो टीम, फास्ट टीम आणि कारखान्याचं सभासदत्व

रविवारी सकाळी साडेनऊला मेलबर्नची फॉर्म्युला वनची रेस सुरू होते तेव्हा कोल्हापुरात मिसळीची वेळ झालेली असते, त्यामुळं ही एक रेस आमचा ग्रुप फोन पाण्याच्या जगला टेकवून आणि कटाचे शिंतोडे स्क्रीनवर उडवत बघतो. तिथंच बाळ्यानं विषय काढला. बाळ्या आमच्यात फेरारी टीमचा फॅन, म्हणजे तसा दुःखीच माणूस. ब्रेडचा तुकडा कटात बुडवत म्हणाला, "भावा, दहा टीम होत्या ते झ्याक चाललं होतं की. ही अकरावी कॅडिलॅक कशाला घुसडली? नवीन लोकं येणार, दोन-दोन सेकंद मागं पळणार, आमच्या पोरांच्या आडवी येणार. पळता येत नाही त्यानं यावंच कशाला?"

मी तिथं काहीतरी अर्धवट उत्तर दिलं कारण तोंडात मिसळ होती. पण प्रश्न फालतू नाही, फॉर्म्युला वनमध्ये गेली तीस-चाळीस वर्षं हेच भांडण चालूय, आणि वरवर वेगाचं वाटणारं भांडण आत शिरलं की भलत्याच गोष्टीचं निघतं. म्हणून हे जरा सविस्तर. एफ-वन न बघणाऱ्यालाही कळेल असं लिहितोय, बघणाऱ्यांनी सुरुवातीला जरा दम धरावा.

तर पहिली गोष्ट, एफ-वनची टीम म्हणजे काय. बाकी बऱ्याच रेसिंगमध्ये तुम्ही पैसे टाकून तयार गाडी विकत घेता आणि पळवता. एफ-टू, एफ-थ्रीमध्ये सगळ्यांची गाडी एकाच कंपनीची असते. एफ-वनमध्ये तसं चालत नाही, इथं गाडी स्वतः डिझाईन करायची. इंजिन दुसऱ्याचं घेता येतं, गिअरबॉक्स आणि काही पार्टही घेता येतात, पण चासी म्हणजे गाडीचा सांगाडा आणि हवेचं सगळं गणित तुमचं तुम्ही करायचं. म्हणजे नवीन टीम ही फक्त नवीन खेळाडूंची टीम नसते, तो नवीन कारखाना असतो, आणि नवीन कारखान्यातून पहिल्या दिवशी जुन्या कारखान्यासारखा माल निघत नाही हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही.

माझंच सांगतो. उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी आणि दोन जुन्या लेथ. मागं एका पार्टीचा नवीन जॉब घेतला, पंपाची कास्टिंगची बॉडी, आत ३२ मिलिमीटरचा बोअर म्हणजे गोल भोक, आणि टॉलरन्स म्हणजे चालेल इतका फरक २५ मायक्रॉन. ड्रॉईंगमध्ये सगळं दिलेलं, मशीन तेच, ऑपरेटर तोच, पंधरा वर्षं काम केलेला. पहिल्या पन्नास पीसमधले एकोणीस रिजेक्ट. मशीनवर मोजला की बोअर गोल, चकमधून, म्हणजे मशीनच्या पकडीतून, काढला की लंबगोल. तीन दिवस डोकं आपटल्यावर कळलं की बॉडीची भिंत पातळ आहे, चकचे जॉ आवळले की ती दबते, दबलेल्या अवस्थेत आपण गोल बोअर मारतो आणि जॉ सैल केले की बॉडी मूळ आकाराला येते आणि बोअर बिघडतो. सॉफ्ट जॉ करून घेतले, प्रेशर कमी केलं, विषय मिटला. आता हे कुठल्याही ड्रॉईंगमध्ये लिहिलेलं नव्हतं, ज्या शॉपनं आधी हा जॉब केला होता त्यांना ते माहीत होतं आणि त्यांनी ते आम्हाला सांगायचा प्रश्नच नव्हता.

एफ-वनची गाडी म्हणजे असे हजारो पार्ट, आणि प्रत्येकाची अशी एक न लिहिलेली गोष्ट. त्यात हवेचा भाग तर अजून बेक्कार. विंड टनेलमध्ये, म्हणजे गाडीवर हवा सोडून मोजायच्या बोगद्यात, खरी गाडी ठेवता येत नाही, नियमानं जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं मॉडेल, आणि हवेचा वेगही सेकंदाला ५० मीटरपर्यंतच. तिथं जे आकडे दिसतात ते ट्रॅकवर तसेच्या तसे मिळतील याची खात्री नसते. जुन्या टीमकडं वीस-वीस वर्षांचा हिशोब असतो की टनेलनं अमुक सांगितलं तर ट्रॅकवर तमुक मिळतं. नवीन टीमकडं कोरी वही. त्यात टायर कधी तापतात कधी संपतात, पिटमध्ये टायर बदलणारी बावीस-पंचवीस माणसं एका तालात कशी हलवायची, सुट्टे पार्ट वेळेत कोण देतं, सगळं नव्यानं शिकायचं.

एवढं सगळं होऊन नवीन टीम किती मागं असते? ९० सेकंदांच्या लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, दोन सेकंद. म्हणजे सव्वादोन टक्के. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी कोण सव्वादोन टक्क्यांत आला तर त्याला पार्टी दिली असती. पण रेसमध्ये हेच सव्वादोन टक्के दर लॅपला साठत जातात. बहरीनला ५७ लॅप असतात, ५७ गुणिले दोन म्हणजे ११४ सेकंद, आणि एक लॅपच साधारण ९५ सेकंदांचा, म्हणजे पुढचा गडी तुम्हाला एक अख्खा लॅप मारून मागून परत येणार, तुम्हाला निळा झेंडा दिसणार आणि तुम्ही बाजूला व्हायचं. टीव्हीवर फक्त हे बाजूला होणं दिसतं, म्हणून बाळ्यासारख्यांना वाटतं ही लोकं रस्ता अडवायला आलीयत.

आता बाळ्याच्या बाजूनं पण बोलू, कारण त्याच्या म्हणण्यात दम आहेच. काही टीम खरोखर यायलाच नको होत्या.

१९९७ ची लोला टीम घ्या. लोला ही गाड्या बनवण्यात नावाजलेली ब्रिटिश कंपनी, त्यांना यायचं होतं १९९८ ला, पण मोठा स्पॉन्सर मास्टरकार्ड मिळाला आणि घाईघाईत एक वर्ष आधीच उतरले. मेलबर्नला क्वालिफाईंगमध्ये, म्हणजे रेसला कोण कितव्या जागेवर उभं राहणार हे ठरवणाऱ्या फेऱ्यांत, त्यांच्या गाड्या पोलपेक्षा, म्हणजे पहिल्या आलेल्या गाडीपेक्षा, अकरा-बारा सेकंद मागं. दोन नव्हे, अकरा. रेसला उभंच राहू दिलं नाही, आणि पुढच्या ब्राझीलच्या रेसआधी टीमचा बाजार उठला. त्याच्याही आधी १९९० ला लाईफ नावाची इटालियन टीम होती, त्यांनी अख्ख्या वर्षात प्री-क्वालिफाईंगसुद्धा एकदाही पार केली नाही. प्री-क्वालिफाईंग म्हणजे काय तर तेव्हा गाड्याच एवढ्या यायच्या, १९८९ ला ३९ गाड्या, की मुख्य क्वालिफाईंगला कुणी जायचं याचीच आधी सकाळी सकाळी चाळणी लागायची.

आणि २०१०. तेव्हा एकदम तीन नवीन टीम आल्या, लोटस जी पुढं केटरहॅम झाली, व्हर्जिन जी पुढं मारुशिया आणि मग मॅनर झाली, आणि एचआरटी. चौथी एक होती, अमेरिकेची, ती नाव नोंदवून आलीच नाही. एचआरटीमध्ये आपला करुण चंढोक होता. बहरीनला पहिल्या रेसच्या क्वालिफाईंगला त्याची गाडी गॅरेजमधून निघाली तेव्हा ती गाडी आयुष्यात पहिल्यांदा चालत होती. टेस्टिंग नाही, प्रॅक्टिस नाही, थेट क्वालिफाईंग. दहा सेकंदांहून जास्त मागं राहिला आणि रेसमध्ये सुरुवातीच्या एक-दोन लॅपमध्येच बाहेर. पोराची चूक नव्हती, गाडीचे नट तरी नीट आवळलेत का हे बघायला वेळ नव्हता.

हे बघितलं की कळतं, स्लो टीम आणि तयार नसलेली टीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण दोन्हींना एकाच शिव्या घालतो. मला विचाराल तर दुसऱ्या प्रकाराला दारातच थांबवलं पाहिजे, आणि त्यासाठी नियम आहे, १०७ टक्क्यांचा. क्वालिफाईंगच्या पहिल्या भागात सगळ्यात फास्ट गाडीनं ९० सेकंद घेतले तर तुम्हाला ९६.३ सेकंदांच्या आत लॅप मारता आला पाहिजे, नाही जमलं तर रविवारी घरी, मग स्टुअर्डनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, खास परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. १९९६ ला हा नियम आला, २००२ नंतर गेला, आणि २०१० चा तमाशा बघून २०११ ला परत आणला. परत आणल्या आणल्या मेलबर्नला पहिली शिकार एचआरटीच्याच दोन्ही गाड्या, त्यातली एक नरेन कार्तिकेयनची, आणि २०१२ ला त्याच मेलबर्नला परत त्याच टीमच्या दोन्ही गाड्या. वाईट वाटलं होतं, पण नियम म्हणून बरोबरच.

दुसरा मुद्दा धोक्याचा. स्लो गाडी फास्ट गाडीच्या वाटेत आली की अपघात होतो, हे खोटं नाही. २०१२ च्या मलेशियात सेबॅस्टियन व्हेटेल चौथा होता, कार्तिकेयनला लॅप मारताना दोघं घासले, व्हेटेलचा मागचा टायर गेला आणि तो थेट अकरावा, म्हणजे बारा पॉईंट पाण्यात. रेसनंतर व्हेटेल नको नको ते बोलला, दंड मात्र कार्तिकेयनला. त्या वर्षी व्हेटेल चॅम्पियन झाला तो अलोन्सोपेक्षा फक्त तीन पॉईंटनं, २८१ विरुद्ध २७८. म्हणजे बघा, सगळ्यात मागच्या गाडीचं एक कोपर लागून चॅम्पियनशिप फिरली असती. त्याच वर्षी अबुधाबीला कार्तिकेयनची गाडी हायड्रॉलिक जाऊन अचानक स्लो झाली आणि मागून आलेला रोझबर्ग तिच्यावरनं उडून गेला. नशीब दोघांना काही झालं नाही.

पण फ्रान्समधल्या ल मॉंच्या रेसला जाऊन बघा, तिथं वेगाच्या तीन गटांतल्या गाड्या चोवीस तास एकाच ट्रॅकवर असतात, रात्रीसुद्धा, आणि लॅप मारणं हाच तिथला खेळ आहे. वेगात फरक आहे हे आधी माहीत असेल तर ड्रायव्हर सांभाळतो, जीव जातो तो अचानक काहीतरी झाल्यावर. आणि एफ-वनमध्ये २०२५ पर्यंत तो फरकही फार उरला नव्हता, २०२१ पासून खर्चावर मर्यादा आलीय, आणि विंड टनेलची वेळ उलट्या क्रमानं वाटतात, म्हणजे पहिल्या नंबरच्या टीमला ७० टक्के आणि दहाव्याला ११५ टक्के. त्यामुळं बऱ्याचदा वीसच्या वीस गाड्या दीड सेकंदाच्या आत सापडायच्या. २०२४ ला सगळ्यात खाली असलेली सॉबर, अख्ख्या वर्षात चार पॉईंट, तिचा हुल्केनबर्ग २०२५ ला सिल्व्हरस्टोनच्या पावसात १९ व्या नंबरवरनं सुटून तिसरा आला. २३९ व्या रेसला पहिलं पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत जागा. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर बाळ्यानंच सगळ्यात जास्त मेसेज टाकले होते, हे त्याला मी मिसळीच्या टेबलावर सोयीस्करपणे आठवण करून दिलं.

बरं, मागच्या टीमनं दिलं काय? यावर मी तास बोलू शकतो पण थोडक्यात आवरतो. मिनार्डी नावाची इटालियन टीम होती, फाएन्झा गावची, १९८५ ते २००५ अशी एकवीस वर्षं पळाली आणि सगळे मिळून ३८ पॉईंट. आजकाल चांगली टीम एका रेसमध्ये ४३ पर्यंत नेते. पण फर्नांडो अलोन्सोनं पहिली रेस पळवली ती मिनार्डीतनं, मार्क वेबरनंही. पुढं रेड बुलनं ती टीम घेतली, टोरो रोसो नाव ठेवलं, आणि २००८ ला मॉंझाला, इटलीतच, व्हेटेलनं त्या फाएन्झावाल्यांना पहिला विजय दिला. जॉर्डनची टीम १९९१ ला प्री-क्वालिफाईंग करत आली, त्याच वर्षी शूमाकरला पहिली गाडी दिली, आणि तिचीच पुढं विकत विकत फोर्स इंडिया झाली आणि आता अ‍ॅस्टन मार्टिन आहे. १९९९ ला बीएआर नावाची नवीन टीम आली, पैसा भरपूर, ड्रायव्हर माजी चॅम्पियन व्हिलनव्ह, आणि पहिल्या वर्षी पॉईंट किती तर शून्य, बिचाऱ्या व्हिलनव्हच्या पहिल्या अकरा रेस तर पूर्णच झाल्या नाहीत. त्या टीमची होंडा झाली, मग ब्रॉन झाली, मग मर्सिडीज, जिनं २०१४ ते २०२१ सलग आठ वर्षं टीमची चॅम्पियनशिप नेली. १९९९ ला बाळ्याचं ऐकलं असतं तर हिशोब लावा.

उलटं उदाहरणही सांगतो म्हणजे मी एकतर्फी बोलतोय असं नको. टोयोटा २००२ ला आली, पैशाला तोटा नाही, आठ सीझन पळाली आणि एकही रेस न जिंकता गेली. नुसता पैसा असून भागत नाही आणि नुसता वेळ असूनही.

आणि एक आपल्या घरचा मुद्दा. आजपर्यंत एफ-वनच्या रेसमध्ये उतरलेले भारतीय ड्रायव्हर दोनच, कार्तिकेयन आणि चंढोक. कार्तिकेयन २००५ ला उतरत्या काळातल्या जॉर्डनमध्ये आणि मग एचआरटीत, चंढोक एचआरटीत आणि एक रेस त्या नवीन लोटसमध्ये. म्हणजे भारतीय ड्रायव्हरचा एफ-वन रेसमधला प्रत्येक लॅप मागच्या बाकावरच्या टीमनं दिलाय. फोर्स इंडिया नावात इंडिया घेऊन अकरा वर्षं फिरली, रेसची सीट एकाही भारतीयाला दिली नाही. इथं कोल्हापुरात मोहितेंच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या रेस होतात, आपला कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-थ्रीपर्यंत जाऊन आला, पोरांत नाद आहे. पण उद्या कुणी अजून वर गेला तर त्याला पहिल्या वर्षी फेरारी कोण देणार आहे का? मिळाली तर शेवटून दुसऱ्याची गाडी मिळेल, ती पण असली तर.

आता खऱ्या विषयाला येतो. पैशाच्या.

एफ-वनमध्ये वर्षाच्या शेवटी टीमना जो मोठा वाटा मिळतो तो त्यांच्या नंबरवर ठरतो. २०१० च्या दशकात पद्धत अशी होती की पहिल्या दहात असाल तर वाट्यात बसता, अकरावे असाल तर जवळपास उपाशी. म्हणजे दहावा आणि अकरावा यांच्यातली रेघ ही पहिला आणि दुसरा यांच्यातल्या रेघेपेक्षा जाड. २०१२ ची ब्राझीलची शेवटची रेस आठवा. सगळं जग व्हेटेल आणि अलोन्सोकडं बघत होतं, पाऊस, पहिल्याच लॅपला व्हेटेल उलटा फिरलेला, नुसता जाळ आणि धूर. आणि त्याच वेळी पार मागं, कॅमेरा फिरकतही नव्हता तिथं, केटरहॅमच्या पेट्रोव्हनं शेवटच्या काही लॅपमध्ये मारुशियाच्या पिकला गाठलं आणि ओव्हरटेक केलं. अकराव्या नंबरसाठी. अकराव्याला पॉईंट शून्य. पण दोघांच्याही खात्यावर वर्षभर शून्यच होतं, आणि अशा वेळी कुणाचा सगळ्यात चांगला नंबर कितवा ते बघतात. मारुशियाचा तोवर बारावा होता, पेट्रोव्हनं अकरावा आणला आणि टीमच्या यादीत दहावी जागा केटरहॅमची झाली. त्या एका ओव्हरटेकवर कोट्यवधीचा हिशोब फिरला. वर्ल्ड चॅम्पियनशिपइतकीच मोठी लढाई होती ती, आणि आपण कुणी बघितली नाही.

त्याच मारुशियाला २०१४ ला मोनॅकोत ज्यूल बियांकीनं नवव्या नंबरचे दोन पॉईंट आणून दिले. त्याच वर्षी जपानला बियांकीचा भयानक अपघात झाला आणि २०१५ च्या जुलैत तो गेला. टीमकडं पैसे संपले होते, सीझनच्या शेवटच्या रेसेसना ती दिसलीही नाही. केटरहॅमनं तर शेवटच्या रेसला जायला लोकांकडनं वर्गणी गोळा केली, आपल्या मंडळाच्या गणपतीसारखी. पण बियांकीच्या त्या दोन पॉईंटमुळं मारुशिया यादीत नववी राहिली, सॉबरच्याही पुढं, आणि त्या वाट्याच्या आशेवर २०१५ ला मॅनर नावानं परत उभी राहिली. मग २०१६ ला वेअरलाईननं ऑस्ट्रियात एक पॉईंट आणला, दहावा नंबर जवळजवळ पक्का, आणि शेवटून दुसऱ्या रेसला ब्राझीलच्या पावसात सॉबरच्या नासरनं नववा येऊन दोन पॉईंट नेले. मॅनर अकरावी. जानेवारी २०१७ ला कुलूप.

२०१० च्या तिघांपैकी आज एकही नाही. सगळे म्हणतात स्लो होत्या म्हणून मेल्या. पण त्यांना बोलावताना काय सांगितलं होतं ते कुणी काढत नाही. तेव्हाचे एफआयएचे, म्हणजे नियम करणाऱ्या संघटनेचे, अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी वर्षाला ४ कोटी पौंडांच्या खर्चमर्यादेचं गाजर दाखवलं होतं, त्या हिशोबानं यांनी अर्ज भरले, मग मोठ्या टीमनी वेगळी चूल मांडायची धमकी दिली आणि मर्यादा रद्द. मर्यादा गेली, अर्ज मात्र मंजूर. म्हणजे मुलाकडच्यांनी साधं लग्न ठरवलं, मांडवात आल्यावर बँड आणि घोडा मागितला.

आता सभासदत्वाकडं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्याचा सभासद म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. ऊस आधी तुटतो, सवलतीची साखर मिळते, सभेला खुर्ची असते. आणि वार्षिक सभेत नवीन सभासद वाढवायचा विषय आला की काय होतं तेही आपण बघितलंय, निम्मे "मंजूर मंजूर" आणि निम्मे माईकची वायर ओढायला. नवीन माणसाला ऊस पिकवता येतो का, हा प्रश्न तिथं कुणी मनापासून विचारत नाही. विचारतात ते वेगळं, की तो आला तर माझ्या वाट्याला किती कमी येणार.

एफ-वनमध्ये २०२१ नंतर नेमकं हेच झालंय. नवीन टीमला आत यायचं तर २० कोटी डॉलरची एक फी ठरवली, आपल्या पैशात दीड हजार कोटींच्या वर, आणि ती जुन्या दहा टीममध्ये वाटून टाकायची, तुमचा वाटा कमी होणार त्याची भरपाई म्हणून. अमेरिकेच्या अँड्रेट्टीनं अर्ज केला, १९७८ चा चॅम्पियन मारिओ अँड्रेट्टीचं घराणं, सोबतीला जनरल मोटर्सचं कॅडिलॅक. ऑक्टोबर २०२३ ला एफआयएनं मंजूर केलं. एफआयए म्हणजे नियम करणारे. पण पैशाचा व्यवहार ज्यांच्याकडं आहे ती एफ-वन कंपनी वेगळी, तिनं जानेवारी २०२४ ला नामंजूर केलं. कारण काय दिलं, तर ही टीम स्पर्धेत टिकण्याइतकी वेगवान असेल असं वाटत नाही आणि तिच्या येण्यानं खेळाची किंमत वाढत नाही. जनरल मोटर्सचं स्वतःचं इंजिन येणार असेल तर २०२८ ला बघू.

मग अमेरिकेत आरडाओरडा झाला, सरकारी चौकशी लागली, मायकेल अँड्रेट्टी बाजूला झाला, जनरल मोटर्स पुढं आली, आणि नोव्हेंबर २०२४ ला तत्त्वतः होकार, मार्च २०२५ ला पक्का. आणि येणार कधी तर २०२६ लाच, इंजिन कुणाचं तर सुरुवातीला फेरारीचं. फी मात्र बातम्यांनुसार ४५ कोटी डॉलरपर्यंत गेली. आता मला सांगा, जानेवारी ते नोव्हेंबरमध्ये गाडी किती सेकंदांनी फास्ट झाली? गाडी तर अजून एक मीटरही पळाली नव्हती! सिल्व्हरस्टोनला काम करणारी माणसं बऱ्यापैकी तीच. बदललं ते दारावरचं नाव आणि चेकवरचा आकडा. स्लो असण्याचं कारण पुढं केलं होतं, मोजणी दुसऱ्याच तराजूत चालली होती.

यात जुन्या टीमची बाजू अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०२० पर्यंत विल्यम्ससारख्या टीम कशाबशा तगून होत्या, त्यांनी वाईट दिवस काढले आणि आता सोन्याचे दिवस आल्यावर कुणीतरी नवीन येऊन ताटावर बसणार म्हटल्यावर पोटात दुखणारच. फी घ्या, हरकत नाही. पण मग सरळ सांगा की वाटणीचा प्रश्न आहे, स्लो असल्याचं बिल त्याच्या नावावर फाडू नका.

आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये शाहू स्टेडियमला वरिष्ठ गटात नवीन आलेली टीम पाटाकडील किंवा दिलबहारकडनं पाच-सहा गोल खाते तेव्हा पब्लिक टिंगल करतं, पण ती टीम खालनं खेळून वर आलेली असते आणि नाही जमलं तर खाली जाते, वाट दोन्हीकडनं उघडी. एफ-वनला खालनं वर यायचा रस्ताच नाही, फक्त चेकचा दरवाजा. मग त्या दरवाज्यावर निदान दोन गोष्टी बघाव्यात असं मला वाटतं, एक म्हणजे गाडी खरोखर तयार आहे का, १०७ टक्क्यांच्या आत, टेस्टिंगला वेळेत, आणि दुसरं म्हणजे तीन-चार वर्षं तोट्यात काढायची ताकद आहे का. एवढं असेल तर आत घ्यावं, आणि आत घेतल्यावर शेवटच्यालाही जगता येईल इतका वाटा द्यावा. मोटोजीपीत, म्हणजे बाईकच्या रेसमध्ये, मागच्या कंपन्यांना जादा टेस्टिंगची सवलत असते. केटीएम, तीच जिच्या ड्यूक आपल्याकडं चाकणला बनतात आणि आपली पोरं रंकाळ्यावर आवाज काढत फिरवतात, ती २०१७ ला आली तेव्हा पार मागच्या रांगेत, आणि २०२० ला ब्रनोला ब्रॅड बाइंडरनं रेस जिंकून दिली. तीन वर्षं लागली, आणि तेवढा वेळ तिला मिळाला.

बाळ्याला हे सगळं सांगून झाल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला की कॅडिलॅकचा टीम प्रिन्सिपल कोण आहे. मी म्हटलं ग्रॅम लाउडन. "हा कोण?" म्हटलं, हाच व्हर्जिन आणि मारुशिया चालवणाऱ्यांतला एक, बियांकीचे ते दोन पॉईंट याच्याच टीमला आले होते. बाळ्यानं जरा विचार केला, तर्रीची वाटी पुढं सरकवली आणि फोनवर बोटानं यादी खाली ओढत पार तळाशी गेला.